मागून तिसरी

मास्तरांनी रबराची कड नखाने सुटी केली, आत थोडी पावडर फुंकली आणि मुखवटा साच्यातून हळूहळू सोलायला घेतला. हनुवटी सुटली, गाल सुटले, नाक जरा अडलं आणि मग तेही आलं. त्यांनी तो मुठीवर चढवला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. डावी भुवई आलीच नव्हती. तिच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा होता.

"झालं का मास्तर?" मॅनेजर दारात उभा होता. "संध्याकाळी टेम्पो येतोय. साचे, हातपाय, मुंडकी, सगळं भंगारात. मला गोदाम झाडून किल्ली द्यायचीय."

"एकच काढतोय. घरी न्यायला."

"मग साच्यातून कशाला काढत बसलात? तिकडे पोतंभर पडलेत. हवा तो उचला की!"

"ते नकोत," मास्तर म्हणाले.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने खांदे उडवले, लवकर आटपा म्हणाला आणि पुढच्या खोलीत जाऊन कुणावर तरी ओरडायला लागला.

मालिका उठलेल्यांची होती. माणसं मरायची, उठायची आणि जिवंतांच्या मागे लागायची, एवढीच काय ती गोष्ट. पण पहिल्या सीझनला ती अशी सांगितली होती की बघणाऱ्याचा घास हातातच राहायचा. तेव्हाचा दिग्दर्शक महाखडूस. गर्दीत अगदी मागे चालणाऱ्याचा पाय चुकीचा पडला तरी सगळं पहिल्यापासून. मास्तर पहाटे रंग कालवायला बसायचे आणि एकेका उठलेल्याच्या तोंडावर अर्धा दिवस घालवायचे. दोन चेहरे सारखे झालेले त्या माणसाला खपायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही नाही.

मास्तरांची बायको तिथेच कपडेपटात शिवणकाम करायची. एका प्रसंगात जिन्यावर एक उठलेली बाई नुसती उभी राहणार होती. त्या कामाची बाई आजारी पडली, दिग्दर्शक पिसाळला, तेव्हा हिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाली, "मी राहते उभी. त्यात काय मोठंसं?"

मग मास्तरांनी तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला. नाकपुड्यांपुरती जागा सोडून सगळ्या तोंडावर थंडगार लगदा थापला, तशी ती आतून हसायला लागली.

"गप बस गं. खळी उमटेल."

लगदा सुकून निघेपर्यंत तिला बोलता येईना. निघाल्याबरोबर ती म्हणाली, "उमटू दे की. मेल्यावर काय खळ्या बुजवून घेतात?"

खळी उमटली. डाव्या भुवईतली चीरही उमटली. लहानपणी ती झोपाळ्यावरून पडली होती, त्याची. मग त्या चेहऱ्यावर मास्तरांनी जी काही कुजकट कला केली ती बघून सेटवरच्या लोकांनी जेवणाचे डबे बाजूला ठेवले. पडद्यावर तिची सख्खी बहीण तिला ओळखू शकली नाही. "अगं, यात तू कुठेयस?" असं तिने दोनदा विचारलं, आणि मास्तरांची छाती फुगली. जिन्यावरची बाई मालिकेपेक्षा मोठी झाली. दुसऱ्या सीझनलाही तिला बोलवावंच लागलं.

दुसरा सीझन संपला आणि साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. त्यांच्या लेकीला, ठमीला, तेव्हा नुकतं चौथं लागलं होतं.

तिसऱ्या सीझनला नवा दिग्दर्शक आला. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "जिन्यावरची बाई पाहिजे. साचा आहे ना?" साचा होता. मास्तरांनी मुखवटा काढला आणि भलत्याच बाईच्या तोंडावर चढवला. त्या दिवशी शूटिंग संपेपर्यंत ते बाहेरच बसून राहिले. पुढे सवय झाली. सवय कसली, ते वाट बघायला लागले. दर सीझनला ती कामावर येते, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मालिका मात्र उतरणीला लागली. चौथ्यापर्यंत बरी होती. पाचव्यात गोष्ट स्वतःभोवतीच फिरायला लागली. सहाव्यात मारून टाकलेला नायक सातव्यात धडधाकट परत आला, का आला ते लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं. उठलेले मात्र वाढत गेले. एवढ्यांना वेगवेगळे चेहरे करायला वेळ कुणाला? काढा त्या साच्यातून भराभर, फासा वरून राखाडी रंग आणि सोडा मैदानात. "मास्तर, सगळ्या एका आईच्या लेकी वाटतायत हो," असं कॅमेरावाला म्हणायचा आणि सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, आणि घरी जाऊन न जेवता पडून राहायचे.

प्लॅस्टरचा साचा झिजतो. प्रत्येक मुखवटा जाताना थोडी भुकटी घेऊन जातो. म्हणून आधी एक घट्ट प्रत ओतून बाजूला ठेवायची असते, साचा झिजला की तिच्यावरून नवा करायला. या कामात कालपरवा आलेल्यालाही हे ठाऊक असतं. मास्तरांनी ती प्रत केली नव्हती. आधी सवड नव्हती, आणि ती गेल्यावर छाती होईना. प्रत ओतली की ती टेबलावर समोर उभी राहणार, पांढरीफटक, डोळे मिटलेली. पुढच्या सीझनला करू, पुढच्या सीझनला करू, असं करता करता नऊ सीझन झाले. आधी खळी गेली. आज भुवई गेली.

आठव्या सीझनला तर हद्दच झाली. गर्दीला माणसं कमी पडली म्हणून लाइटवाले, सुतार, चहावाला, दिसेल त्याला रबर चढवून उभं केलं. मास्तरांनाही. लांब झगा घालून, बायकोचा चेहरा चढवून ते मागच्या रांगेत कॅमेऱ्याकडे पाठ करून चालायला लागले. आत श्वास कोंडत होता. चार पावलांवर त्यांच्या ध्यानात आलं की आपण तिच्या चेहऱ्याच्या आत आहोत, ती जिथून बघायची तिथून बघतोय. डोळे भरून आले, पुढचं दिसेना. कुठे थांबावं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं, ते थेट कॅमेऱ्यात. पहिल्या सीझनला असं झालं असतं तर त्यांना सेटवरून हाकलून दिलं असतं. आठव्याच्या दिग्दर्शकाने फोनमधून मान वर न करता सांगितलं, "चालतंय, चालतंय. एवढं कोण बघतंय?"

आज गोदामात मास्तरांनी धारदार पात्याने रबरात भुवईची चीर पाडली. गरम सळईने खळी बसवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर जिवंत माणसाचा रंग चढवला, गव्हाळ, नाकाच्या शेंड्याशी थोडा तांबूस. काहीतरी चुकत होतं. काय ते सांगता येत नव्हतं, पण ते पुन्हा पुन्हा लांब धरून बघत होते. शेवटी टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि साचा तिथेच ठेवून निघाले.

घरी ठमी बॅग भरत होती. मालिका बंद, तिच्याबरोबर मास्तरांचं कामही बंद. हातात दुसरं काही येईपर्यंत पोरीने मावशीकडे राहायचं ठरलं होतं. परवा निघायचं होतं. तेराव्या वर्षात होती. आईबद्दल विचारायचं तिने कधीच सोडून दिलं होतं, आणि हेच मास्तरांना डाचत होतं. ती जायच्या आत तिच्या आईचा चेहरा, हाताने चाचपता येईल असा, तिच्या ओंजळीत द्यायचा, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

"इकडे ये जरा. तुझ्यासाठी काहीतरी केलंय."

तिने कागद उलगडला. बराच वेळ बघितलं. बोटाने खळी चाचपली.

"आई आहे ना?" तिने विचारलं.

मास्तरांनी भुवईवर बोट ठेवलं.

"म्हणजे काय! ही बघ चीर. झोपाळ्यावरून..."

"माहितीये. फोटोत आहे." तिने तो हलकेच कागदावर ठेवला. "छान केलंयस, बाबा."

पाहुण्यांनी दिलेली भेटवस्तू बाजूला ठेवावी तसा तो बाजूला ठेवला होता. मास्तर मोज्यांच्या घड्या घालायला लागले.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?" ठमी म्हणाली. "मी मालिका बघितलीये. सगळी."

"सगळी? तुला बजावलं होतं ना मी!"

"मावशीकडे बघितली. सुट्टीत."

"मग पहिल्या सीझनमध्ये आहे ना ती! जिन्यावरची. ती खरीच तुझी आई आहे, नुसता मुखवटा नाही, आत ती स्वतः."

"अरे, माहितीये मला. थांबवून थांबवून बघितलं." तिने नाक मुरडलं. "पण आई सापडतच नाही रे त्यात. तू इतकं भारी केलंयस ना, आत कोणी आहे असं वाटतच नाही. नुसती भीती वाटते."

या कामाबद्दल आजवर मास्तरांना जे जे म्हटलं गेलं होतं, त्यात याहून मोठी शाबासकी नव्हती.

"मला आठवा आवडतो," ती म्हणाली.

"आठवा? तो रद्दी आहे अगं. लोक जोड्याने मारतात त्याला."

"मारू देत. ये, दाखवते."

तिने जुना लॅपटॉप मांडीवर घेतला. जागा तिला पाठ होती. राखाडी गर्दी पाठमोरी चालली होती, सगळ्यांचे झगे एकाच कापडाचे, एकाचे तर बूट नवेकोरे दिसत होते.

"मागून तिसरी. आता बघ हं."

मागून तिसरी थांबली, वळली आणि तिने बघितलं. चेहरा झिजलेला, रंग ओघळलेला. दोन भोकांतून दोन ओले डोळे. मग गर्दी पुढे गेली.

"आत दुसरंच कोणीतरी आहे, कळतं मला. मी काय बाळ आहे?" ठमी म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. "पण बाकीचे कोणी असे बघत नाहीत. अख्ख्या मालिकेत कोणीच नाही. ही ना, निघवत नसल्यासारखी बघते. आई असती तर अशीच बघितली असती, असं मला वाटतं. मावशीकडे झोप नाही आली की मी एवढंच बघते."

मास्तरांनी मोजे खाली ठेवले.

"बाबा, ती बाई कोण रे? तुला माहीत असणार. तूच चढवला असशील ना तिला मुखवटा?"

"हं."

"मला तिला भेटायचंय. जायच्या आधी एकदाच. काही बोलणार नाही मी, नुसतं बघून येईन. नेशील?"

सांगायचं म्हणून मास्तरांनी तोंड उघडलं. ठमीने पहिल्यांदाच इतक्या आशेने त्यांच्याकडे काही मागितलं होतं. आपण सांगितलं तर तिला काय उरेल, हे त्यांना तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. मग मावशीच्या घरी झोप न येणाऱ्या पोरीला बघायला तेवढंही राहणार नव्हतं.

"रोजावरच्या बायका त्या," ते म्हणाले. "आज इथे, उद्या तिथे. कुठे शोधायच्या?"

"नाव तरी?"

"नाही आठवत, बाळा."

"आठव ना. नीट आठव." तिने चित्र मागे नेलं. "परत बघ, म्हणजे आठवेल. डोळ्यांवरून तरी ओळखशीलच तू."

गर्दी पुन्हा पाठमोरी चालायला लागली. मास्तर ठमीला टेकून बसले होते, आणि त्यांना पुढचं काही दिसेनासं झालं होतं. ते पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"आता वळेल," ठमी म्हणाली, आणि पडद्यावरची नजर न काढता तिने त्यांचा हात घट्ट धरला.