राउटरला भस्म

कुणी विचारो न विचारो, राजेश्वरआप्पा पाटोद्यात सांगत सुटायचे, "आख्ख्या तीन तालुक्यांचं इंटरनेट माज्या माडीवरून जातं." ते खोटंही नव्हतं. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात एका इंटरनेट कंपनीनं त्यांच्या किराणा दुकानावरची खोली भाड्यानं घेतली, एसी लावला आणि कपाटाएवढा राउटर आणून बसवला. पाटोद्याचं, आष्टी-कड्याचं, शेजारच्या तालुक्याचं सगळं नेट त्यातून पुढं बीडला जायचं. राउटरच्या पंख्याच्या जाळीजवळ काही न्यायचं नाही, असं कंपनीचे इंजिनिअर मोहनराव बजावून गेले होते. आप्पांनी मान डोलावली. असल्या सूचना येड्यागबाळ्यांसाठी असतात, असं त्यांचं मत.

खंडेनवमीला तराजू, मापं, गल्ला पुजून झाल्यावर आप्पा उरलेलं भस्म घेऊन वर गेले. कंपनीचा रखवालदार भागवत सणाला घरी गेला होता. एवढं मोठं यंत्र बिनपूजेचं कसं ठेवायचं? जिथं दिवे लुकलुकतात त्याच्या वर त्यांनी भस्माची तीन बोटं ओढली. मग वाटी जाळीसमोर धरली, तर भस्म आपोआप आत ओढलं गेलं! आप्पांना गहिवरून आलं. देवानं घेतलं म्हणून त्यांनी अख्खी वाटी पुढं केली.

दसऱ्याला दुपारी तिन्ही तालुक्यांचं नेट बंद पडलं. आप्पा वर गेले तर सगळे दिवे विझलेले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ओल्या फडक्यानं ती तीन बोटं पुसून टाकली.

संध्याकाळी मोहनराव बीडहून आले, तोवर भागवतही घरून परतला होता. मोहनरावांनी राउटर उघडला. पंखे राखेनं जाम होऊन आतलं सगळं तापून जळालं होतं.

"इथं बिडी कोण ओढतं?"

भागवतचा चेहरा उतरला. "मी वडतो साहेब. पर जिन्यात. आत कदीच न्हाई." मग तो स्वतःच चाचरला. "वाऱ्यानं गेली आसंल का राख?"

आप्पांनी तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. पण जिन्यात चार माणसं कान लावून उभी होती. यंत्राला भस्म चारलं हे गावभर झालं असतं आणि इतके दिवस मिरवलेली सगळी मिजास उतरली असती. लाज वाटत होती, तरी तोंड उघडेना. मोहनरावांनी भागवतला कामावरून काढलं.

"मेंढरं इकून हितं लागलोय साहेब," एवढंच भागवत म्हणाला आणि घोंगडी गोळा करू लागला.

ते ऐकून आप्पांना स्वतःची किळस आली. "थांबा! राख माजी हाय. पूजेचं भस्म हाय ते. मीच घातलं."

मोहनराव हसले. "आप्पा, मन मोठं आहे तुमचं. पण नोकराची चूक अशी अंगावर घेऊ नका."

"आवो खरंच! वर तीन बोटं बी वढली व्हती."

मोहनरावांनी पाहिलं. पत्रा लख्ख होता.

"महादेवाची आण घेतो!" आप्पा ओरडले.

"लई देवमाणूस हाय," जिन्यातून कुणीतरी म्हणालं.

भागवत घोंगडी टाकून पुढं आला. त्याचे डोळे भरले होते. "आप्पा, माज्यापायी देवाची खोटी आण कावून घेता?" म्हणत त्यानं वाकून आप्पांच्या पायावर डोकं टेकवलं. आप्पांनी पाय मागं घ्यायला पाहिलं, पण मागं भिंत होती.