मधोमध पडलेला डाग

माझा खांदा गोल्फ खेळताना नाही गेला. गोल्फची बॅग काढताना गेला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण "अरे वा, गोल्फ!" म्हणतो आणि मी काहीतरी जबरदस्त फटका मारताना जखमी झाले असं धरून चालतो. कसला फटका आणि कसलं काय! घराला रंग लावायचा म्हणून दोन बॅगा माळ्यावर टाकल्या होत्या, माझी आणि सासऱ्यांची. रंगारी गेले, मी स्टुलावर चढले, सासरे, म्हणजे आमचे बाबा, खाली स्टूल धरून उभे राहिले. आणि बाबांना शिंक आली. आता बाबांची शिंक म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी नव्हे. दोन्ही हात वर जातात, चष्मा उडतो आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. हात वर गेले, स्टूल डुगडुगलं आणि मी बॅगेसकट जमिनीवर. उजव्या खांद्याचा स्नायू फाटला.

खांद्याचं मला एवढं काही नाही वाटलं. खांदा आज ना उद्या भरून येतो. पण बाबांनी त्याच संध्याकाळी कानाला खडा लावला. आमच्या ह्यांना माळ्यावर चढायला लावलं, स्वतःची बॅग परत वर टाकून घेतली आणि म्हणाले, "संपलं. आता गोल्फ बंद."

मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. पण राग असता तर उतरला असता ना!

बाबा आयुष्यभर गोदीत क्रेन चालवायचे. गोदीमागे तळ्याकाठी नगरपालिकेचं छोटंसं गोल्फचं मैदान आहे, तिथे ते शिकले, आणि सासूबाई गेल्यावर घर खायला उठायचं तेव्हा सोबत म्हणून त्यांनी मला ओढून नेलं. मला हा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले वाटायचे. आता मीच त्यातली. आमचा सोफे-गाद्या दुरुस्तीचा कारखाना घराच्या मागेच आहे. त्याच्या टोकाला आम्ही फोमचे जाड तुकडे टांगून भिंत केली आहे. कारागीर गेले की तिच्यावर दोघं चेंडू बडवायचो. बाबा शिकवायचे म्हणजे काय, डोकं खायचे. कोपर आत घे, मान वर करू नकोस, घाई कसली आहे. चहात साखर ढवळतानासुद्धा म्हणायचे, "मनगट सैल सोड, सूनबाई."

तेच बाबा आता दाढी न करता टीव्हीसमोर बसायचे. मी चहा कसाही ढवळला तरी चकार शब्द नाही. माणूस असा बसला की बसतोच, मी पाहिलंय ते. मी मनाशी ठरवलं, मी बरी झालेली दिसले की हे उठतील. आणि बरी दिसायला हातात काहीतरी नवंकोरं हवं.

फिजिओबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण जरब अशी की आमचे हेसुद्धा त्यांच्यापुढे सरळ बसतात. त्या म्हणाल्या, "काकू, कोपर अंगाला चिकटवून हलका पट चालेल. चेंडू जमिनीवरून ढकलायचा, बस. मोठा फटका मी सांगेपर्यंत नाही." काकू म्हटलेलं मला आवडलं नाही, पण मी मान डोलावली.

तिथून थेट खेळाच्या दुकानात. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, आठवडाभर घेऊन जा, वापरून बघा, नाही आवडलं तर परत करा." मी चेंडू ढकलायचा लांब दांड्याचा नवा पटर घेतला, खांद्यावर बॅग घ्यायला नको म्हणून बटणावर चालणारी गाडी घेतली, आणि एक ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची मोठी काठी, इतकी हलकी की हातात आहे की नाही कळू नये. ड्रायव्हरच्या तोंडावर त्याने पांढरं स्टिकर चिकटवलं. "चेंडू जिथे लागेल तिथे डाग पडतो. तुमचा फटका कुठे बसतो ते कळतं."

"ड्रायव्हर कशाला?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे शाळेत गणित शिकवतात, पुराव्याशिवाय कशावर विश्वास नाही.

"शोभेला," मी म्हटलं. खरं तर तो मला बाबांच्या डोळ्यांसमोर ठेवायचा होता. तो मी त्यांच्या खुर्चीला अगदी खेटून टेकवून ठेवला.

गाडीचं बटण माझ्या खिशात होतं. मी सोफ्यावर बसले, बटण दाबलं गेलं, आणि गाडी खोलीभर फिरून ह्यांच्या तपासायच्या पेपरांवर चहा सांडून भिंतीला धडकली. हे ओरडले, मी ओरडले. बाबांनी फक्त पाय वर घेतले.

मग मी पटर घेतला. गालिच्यावर ग्लास आडवा ठेवला आणि मुद्दाम, अगदी ठरवून, त्यात चेंडू वाईट ढकलायला लागले. मान वर, पाय वाकडे, मनगट ताठ. पूर्वी बाबांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आता पेपरच्या आडून एवढंच म्हणाले, "जमेल हळूहळू."

जमेल हळूहळू! मला रडायलाच आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, तीही डाव्या हाताने, म्हणजे त्यातही मजा नाही.

आठवडा संपत आला. शनिवारी सकाळी हे सामान परत द्यायला म्हणून पुसत होते. मग हाक आली, "इकडे ये जरा." स्टिकरवर डाग होता. गोल, काळपट, बरोबर मधोमध.

"तू मारलास," हे म्हणाले.

"मी नाही मारला!"

"मग काय काठीने स्वतःच मारला?"

"अहो, मी मारला असता तर डाग टोकाला पडला असता! माझा चेंडू जन्मात कधी मधे लागलाय का?"

पण ऐकतील तर शपथ. ह्यांनी स्टिकर अलगद सोलून चष्म्याच्या डबीवर चिकटवलं आणि दुपारी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्या व्यायामाच्या नेहमीच्या वेळेला, मला घेऊन दवाखान्यात. फिजिओबाईंच्या टेबलावर डबी ठेवून म्हणाले, "बघा तुमची पेशंट काय करते." चोर पकडून आणल्यासारखा आव! माझा असा संताप झाला की विचारू नका.

फिजिओबाईंनी डाग बघितला. मग मला म्हणाल्या, "काकू, हात वर करा." मी केला. कानापर्यंत गेला आणि कळ आली तशी मी 'आई गं' म्हणून खाली घेतला. "आता मागे न्या." मागे तर गेलाच नाही.

"सर, ह्या हाताने हा फटका?" फिजिओबाई हसल्या. "शक्यच नाही. हा दुसऱ्या कोणाचा तरी आहे. आणि ज्याचा आहे त्याचा हात फार चांगला आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात माणसं तीन. त्यातले हे काठी उलटी धरतात.

"व्यायाम नंतर," मी म्हटलं आणि उठलेच.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी नसतं. मागच्या दाराशी आलो तोच आवाज आला. धप्. फोमचा. पुन्हा, धप्. आम्ही खुर्च्यांच्या सांगाड्यांआडून डोकावलो. बाबा उभे होते, गंजीफ्रॉकवर, हातात तो ड्रायव्हर. पण त्यांचा तो मोठा, पाठ वळवून घेतलेला फटका नव्हता. कोपर अंगाला चिकटवून, हात कानाच्या वर न नेता ते मारत होते. अगदी माझ्याएवढाच हात. एक चेंडू मारायचे, थांबायचे, डाव्या हाताने स्वतःचा उजवा खांदा चाचपायचे आणि पुटपुटायचे, "हं. हिसका नाही."

मग मात्र माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. डबी त्यांनी खिशात घातली.

"बाबा," मी पुढे होऊन म्हटलं, "कानाला लावलेला खडा कुठे पडला?"

ते दचकले. काठी पाठीमागे लपवली, एवढी लांब काठी! "मी खेळत नव्हतो," म्हणाले. "तपासत होतो. तुझ्या हातात काय देतायत ते बघायला नको? तुला कसं कळलं?"

"स्टिकरवर डाग पडतो, बाबा."

"ते होय? मला वाटलं किमतीची चिठ्ठी आहे."

"रोज येत होता?"

"तू दवाखान्यात गेलीस की." मग मान खाली घालून म्हणाले, "मी स्टूल सोडलं गं. तू धरायला सांगितलं होतंस आणि मी सोडलं. मी कुठल्या तोंडाने खेळू?"

"अहो, शिंक आली तुम्हाला! तिला काय तुम्ही आमंत्रण दिलं होतं?" माझा आवाज चढला. चढू दे. "मी पडले त्याचं एवढं दुखलं नाही, बाबा. तुम्ही बोलायचे थांबलात त्याचं दुखलं. उद्या मी बरी झाले तर खेळू कोणाबरोबर? ह्यांच्याबरोबर?"

"मी इथेच उभा आहे," हे म्हणाले.

बाबा हसले नाहीत. "आणि पुन्हा शिंक आली तर?"

"बघूच," मी म्हटलं. "अहो, स्टूल आणा. बाबांची बॅग खाली काढायची आहे. बाबा, तुम्ही धरा."

बाबांचा चेहरा पडला. "दुसरं कोणी धरू दे."

"कोणी नाही. तुम्हीच."

घरात येऊन हे स्टुलावर चढले. गणिताचा माणूस, पण एका हाताने माळ्याची कड घट्ट धरून. बाबांनी गुडघे टेकले आणि स्टुलाचे दोन पाय दोन्ही हातांनी घट्ट पकडले. वर बॅग सरकली आणि माळ्यावरची धूळ सगळी खाली आली. मी बघितलं, बाबांचं नाक फुगलं, डोळे मिटले, तोंड उघडलं. वरून हे ओरडले, "बाबा!"

शिंक आली. चष्मा उडून कपाटाखाली गेला, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पण बाबांचे हात जिथल्या तिथे होते. बोटं पांढरी पडली होती, स्टूल तसूभरही हललं नव्हतं.

बाबा तसेच गुडघ्यावर, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, ते धुळीने नक्कीच नव्हे.

"सावकाश उतर रे," ते मुलाला म्हणाले. मग मला म्हणाले, "आणि तू, सूनबाई, त्या ग्लासात परवा चेंडू कसा ढकलत होतीस ते पाहिलंय मी. मान वर, पाय वाकडे. शरम नाही वाटली? चल, दाढी करून येतो. उजेड आहे तोवर तळ्याकडे जाऊ. मी मारतो, तू ढकल."

दुकानात मी फोन करून सांगितलं, सामान परत येणार नाही.