फाटका ख

उलव्याला तळमजल्याचं घर घेतलं ते मागच्या दहा पावलांच्या बागेसाठी, आणि माझ्या लेकाने, सुगतने, थंड मुलखातून मागवलेलं ते बर्नेटचं झाड पहिल्याच उन्हाळ्यात जळणार, असं मी छातीठोक सांगितलं होतं. जळलं नाही. तारेसारख्या देठांच्या टोकाला तुतीएवढी काळपट लाल बोंडं आली, आणि वारा पडलेला असला तरी ती डोलत राहायची.

मी शाळा पाहिली नाही, पण कुठल्या कुंडीला कधी पाणी घातलं ते मला तोंडपाठ. त्यामुळे भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी बर्नेटच्या चार कुंड्यांच्या पाच झालेल्या दिसल्या, तेव्हा मी सुनेला विचारलं,

“अस्मिता, भर उन्हात मुळं फोडून ही नवी कुंडी कोणी लावली गं?”

“आई, तुमीच तर लावलीत काल दुपारी. कुंडीत खोचलेल्या पाटीवर सहीपण केलीत, ररवमाबाई!”

काल दुपारी मी झोपले होते.

बँकेत अंगठा नको म्हणून अस्मितानेच मला तेवढं एक नाव लिहायला शिकवलेलं, रखमा. त्यातला ख माझ्या हातून कायम फाटतो, र एकीकडे नि व दुसरीकडे. हे मला माहीत आणि तिला माहीत. कुंडीतल्या पाटीवरचा ख तसाच फाटलेला होता.

मग आतल्या खोलीत कुजबुज सुरू झाली. “विसरायला लागल्यात रे. पनवेलच्या आश्रमात निदान लक्ष तरी राहील,” ती सुगतला सांगत होती. माझे कान शाबूत आहेत हे मात्र तीच विसरली. माझी खोली मोकळी झाली की करंजाड्याची तिची आई तिथे येणार, एवढं न कळायला मी काही दूधखुळी नाही.

खुरपं मी ट्रंकेत टाकलं, किल्ली कनवटीला लावली. तरी सहावी कुंडी आली, आणि ट्रंकेतल्या खुरप्याला ओली माती. दुसरी किल्ली अस्मिताच्या जुडग्यात असते.

चार दिवस मी दार लावून परातीतल्या पिठात बोटाने ख गिरवला. रविवारी दोघांसमोर म्हटलं, “आणा कागद. ती पाटी माझी आहे का, बघूनच घ्या.”

लिहिलं. सुगतने कागद पाटीशेजारी धरला.

“हे अक्षर आईचं नाही, अस्मिता.”

“अरे, त्यांचा ख फाटतो!”

“कुठे फाटलाय?”

ती माझ्याकडे वळली. “आई, असं का करताय तुमी?” एवढंच म्हणाली, आणि संध्याकाळी बॅग भरून माहेरी गेली. आश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोमवारी सुगत कामावर गेल्यावर मी दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या, अस्मिता सोडून गेलेला किल्ल्यांचा जुडगा उशाखाली घेतला आणि जेवून पडले. विमानाच्या आवाजाने जाग आली, तेव्हा कड्या जशाच्या तशा होत्या. खिडकीतून बागेत पाहिलं, तर सातवी कुंडी होती. पानही हलत नव्हतं, बोंडं तेवढी डोलत होती.

पाटीवर माझं नाव होतं. ख कुठेही फाटलेला नव्हता.