वाणाची गाडी

"बरणी माझी, आन् चिठ्ठी बी मीच काढनार," असं म्हणत शेषेरावांनी लोणच्याची काचेची बरणी सतरंजीवर ठेवली. "यंदा लोटा न्हाई चालायचा. आरपार दिसलं पाह्यजे."

"काढा की भाऊजी," सौदामिनीवहिनी लगेच म्हणाल्या.

लगेच म्हणाल्या, हेच शेषेरावांना खटकलं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाशी कोणी भांडलंच नाही, तर त्याने काय समजायचं? ते भिंतीला पाठ लावून बसले. मागे कोणी नको.

हदगावात मोटारींच्या शर्यतींचं वेड असलेली माणसं शोधायला गेलं तर एका हाताची बोटंही जास्त होतील, आणि जी आहेत ती सगळी या बैठकीत होती. गणिताचे निवृत्त शिक्षक रेणुकादास सर, कारण टीव्ही त्यांचा. त्यांच्या पत्नी सौदामिनीवहिनी. बसस्टँडसमोर टायरचं दुकान चालवणारा मल्लेश. आणि शेषेराव, ज्यांनी उभी हयात हदगाव डेपोची एसटी हाकली, हिमायतनगरच्या रस्त्यावर म्हशींना वाट देत देत. ज्या माणसाने जन्मात धड ओव्हरटेक केलं नाही, त्याला हे असलं वेड लागावं! त्यांची बायको सिंधुबाई म्हणायची, "जे गाडीत जमलं न्हाई, ते टीव्हीत करून राहिले."

मंडळींची एक रीत होती. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येक चिठ्ठीवर एका गाडीचा रंग. ज्याला जी गाडी निघेल ती वर्षभर त्याची. तिच्यासाठी ओरडायचं, तिच्यासाठी नवस बोलायचा, आणि ती जिंकली तर सगळ्यांना जिलबी खाऊ घालायची. माणसं कमी, गाड्या जास्त. उरलेल्या चिठ्ठ्या वहिनी चुलीत घालत.

शेषेरावांनी आजवर भरपूर जिलबी खाल्ली होती. खाऊ घातली मात्र एकदाच. म्हणजे घालणार होते. त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत त्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे होती, शेवटचा फेरा राहिला होता, आणि शेषेराव उभं राहून ओरडता ओरडता छाती धरून खाली बसले. नांदेडला नेलं. छातीत स्प्रिंग बसवली. गाडी जिंकली की नाही ते त्यांना दोन दिवसांनी कळलं.

तेव्हापासून दरसाल त्यांच्या वाट्याला एकच गाडी. आदल्या वर्षी जी शेवटून पहिली, ती. रंग बदलायचे, नंबर बदलायचा नाही. एकदा झालं, ठीक आहे. दुसऱ्यांदा झालं, नशीब म्हणावं. पण दरसाल? शेषेरावांची नजर ड्रायव्हरची, समोर बघता बघता आरशातलं मागचंही बघणारी. वहिनी लोट्यातून एकेक चिठ्ठी काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवत, आणि शेषेरावांची पाळी आली की डावा हात पदराकडे जाई. त्यांनी दोनदा पाहिलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी जाऊन बायकोजवळ कुरकुर करावी तर तिथेही उजेडच. शर्यत बघून आले की सिंधुबाई स्वयंपाकघरातून विचारायची, "कितवी आली?" हे म्हणायचे, "मागची." ती म्हणायची, "बरं झालं." दर वेळी तेच. बरं झालं म्हणे! नवऱ्याची गाडी रखडली तर हिला काय बरं झालं? शेषेराव चिडून तसेच जेवायला बसत.

दिवाळीच्या तोंडावर सिंधुबाई गेली. कसला ताप होता तेही नीट कळलं नाही. तेव्हापासून शेषेरावांना हे एकच घर उरलं होतं. तरी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की यंदा लबाडी पकडायची, आणि पकडली की या घराची पायरी चढायची नाही. एकटं राहिलेलं परवडलं, पण लोकांनी खुळ्यात काढलेलं नको.

आज तर प्रत्येक गोष्टीला संशयाचा वास येत होता. ते आले तेव्हा मल्लेश काहीतरी बोलता बोलता थांबला होता. चहा न मागता आला होता, तो शेषेरावांनी नुसता फुंकून बघितला आणि बाजूला ठेवला होता. सर उगाच नव्या नियमांची माहिती देत होते.

"यंदा इंजिनं नवी, गाड्या नव्या. पुढची मागं जाईल, मागची पुढं येईल. काही सांगता येत नाही बघा."

"ते टीव्हीवर झालं. लोट्यातलं कवा बदलनार?" शेषेराव म्हणाले.

"मामा, गोळ्या चालू हायत ना?" मल्लेशने मधेच विचारलं.

"हायत की." धादांत खोटं. गोळ्यांची पाकिटं महिनाभर फळीवर पडून होती. पण याने हे का विचारावं?

सरांनी घड्या घातलेल्या चिठ्ठ्या बरणीत टाकल्या. शेषेरावांनी बरणी स्वतः हलवली, हाताची बाही कोपरापर्यंत मागे सारली आणि डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली. उघडली. केशरी. गेल्या सालची पहिली.

मल्लेशने सरांकडे बघितलं, सरांनी वहिनींकडे, आणि वहिनींनी पदराने डोळे टिपले.

शेषेरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायको मेलेल्या माणसाची दया! सगळ्या चिठ्ठ्यांवर केशरीच लिहिलं असणार. बरणी आपली आणली आणि चिठ्ठ्या त्यांच्या ठेवल्या, हेच चुकलं. त्यांनी बरणी सतरंजीवर पालथी केली आणि एकेक चिठ्ठी उलगडायला लागले. लाल. निळी. हिरवी. पांढरी. काळी. गुलाबी. सगळ्या वेगळ्या. एकही दुसऱ्यासारखी नाही.

"मंजे यंदा लबाडी न्हाई," ते हळूच म्हणाले. मग मान वर केली. "यंदा न्हाई. आन् आधी?"

सर चष्मा पुसत राहिले. बोलल्या त्या वहिनी.

"तुमची नजर खोटी नव्हती भाऊजी. चिठ्ठी माझ्या पदरातच असायची."

"मला ठावं होतं! हसायला पाह्यजे होतं ना कुनीतरी!"

"तुम्हाला नांदेडहून आणलं, त्यानंतरच्या संक्रांतीला सिंधुताई हळदीकुंकवाला आल्या. मी वाण पुढं केलं तर हात मागं घेतला. म्हणल्या, वाण नको मला, यांना मागची गाडी द्या. पुढं असली की यांचं काळीज जागेवर राहत न्हाई. रेस बंद कर म्हणलं तर हा माणूस झुरून मरंल, आन् पुढची गाडी दिली तर ओरडून मरंल." वहिनी उलगडलेल्या चिठ्ठ्या सारख्या करायला लागल्या. "दर संक्रांतीला त्यांनी तेच वाण मागितलं. मी दिलं."

"आन् यंदा?"

"यंदा मागायला कोणी आलंच नाही."

शेषेराव उठले. बरणी काखेत घेतली, दारापाशी गेले, एका पायात चप्पल घातली. मल्लेश उठायला लागला, तर सरांनी त्याला हाताने बसवलं.

"सगळ्यांनी मिळून येडं केलं मला," शेषेराव उंबऱ्याकडे बघत म्हणाले. राग खरा होता. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं आणि त्याला वाट द्यावीच लागणार होती. स्वयंपाकघरातून यायचं ते. कितवी आली? मागची. बरं झालं.

चप्पल पायातून निघाली. ते परत येऊन सतरंजीवर बसले आणि उलगडलेल्या चिठ्ठ्यांतून गुलाबी शोधून काढली. गेल्या सालची शेवटची.

"ही माझी," ते म्हणाले. "केशरी मल्लेशला द्या."

"मामा, असं नियमात बसत न्हाई," मल्लेश म्हणाला. "तुमची पुढची निघाली, तुमी जिलबी..."

"जिलबी तू आन. मी खाईन."

"यंदा इंजिनं नवी आहेत हं शेषेराव," सर चाचरत म्हणाले. "ही गुलाबी पुढं आली तर?"

"तर मी हळू वरडंन," शेषेराव म्हणाले.

वहिनींनी चहा परत गरम करून आणला. या वेळी शेषेरावांनी तो फुंकून बघितला नाही. पुढच्या रविवारी पहिली शर्यत सकाळीच होती. लवकर या, असं सर तीनदा म्हणाले.

दिवेलागणीला शेषेराव घरी आले. कुलूप काढलं, बरणी धुऊन फळीवर जिथल्या तिथे ठेवली. चिठ्ठी खिशात होती. स्वयंपाकघराच्या दारात ते जरा वेळ उभे राहिले, रोज राहत तसेच.

"मागचीच घेतली," ते म्हणाले.

आत भांडीसुद्धा वाजली नाहीत.

"बरं झालं," शेषेराव आपणच म्हणाले, आणि फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी पाणी घेतलं.