निळ्या झाकणाची बाटली

"ही बाटली भरली कुणी?" नेल्डाने हातातली चाळणी टेबलावर आदळली.

डॉ. इरिबारेननी मान वर केली नाही. "मी. का?"

"वास नाही येत तुम्हाला? फॉर्मालिन आहे ते!"

जहाजावरच्या त्या प्रयोगशाळेत तिने बाटली उजेडाकडे धरली. बाटलीच्या तळाशी अंगठ्याएवढी जांभळी समुद्रकाकडी पडली होती, समुद्रतळाच्या गाळात राहणारा मऊ, लिबलिबीत जीव. समुद्रातल्या अटाकामा खंदकातून, पावणेआठ हजार मीटरांवरून, दोराचं यंत्र चालवणाऱ्या बार्रियाने चार तास दोर ओढून तिच्यासकट गाळ वर आणला होता. नेल्डाने तिला चहाच्या चमच्याने सोडवलं. नळीने पाणी मारलं असतं तर चिंधड्याच. मग गार समुद्रपाण्याच्या बशीत ठेवून, "कुणी हात लावू नका, मी चाळणी धुऊन आले," असं बजावून ती डेकवर गेली. तेवढ्यात या बाबाने घाईघाईने फोटो काढून ती बाटलीत टाकली.

"निळं झाकण म्हणजे अल्कोहोल," डॉक्टर म्हणाले. "आमच्या संस्थेत..."

"तुमच्या संस्थेत! या जहाजावर निळं म्हणजे फॉर्मालिन. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही तेव्हा बादलीत तोंड घालून ओकत होतात."

दारातला बार्रिया खोकल्याच्या आडून हसला. डॉक्टर हसले नाहीत. फॉर्मालिन आणि अल्कोहोल दोन्ही दिसायला पाण्यासारखीच, झाकण सोडलं तर फरक नाकालाच कळतो. फॉर्मालिनमध्ये देह छान टिकतो, डीएनएची मात्र वाट लागते. ही नवी जात आहे हे सांगायला नेमका तोच हवा होता. आणि असा जीव परत वर येईल तर शपथ.

डॉक्टर संगणकाकडे वळले. "नोंद करून टाकतो. भरणारा, नेल्डा ओयार्सो."

"काय?"

"समजून घ्या हो. मोहिमेचा प्रमुख म्हणून माझी ही पहिलीच वेळ. तुमची तर शेवटची सफर. वाल्पाराइसो बंदरात उतरलात की घरी पाव भाजत बसाल. तुमचं काय जातंय?"

नेल्डाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. काय जातंय! एकतीस वर्षं ती याच गाळात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. मुलगी बाळंत झाली तेव्हाही समुद्रावरच. तिने शोधून दिलेल्या किड्यांना डॉक्टर लोकांची नावं मिळाली, त्यांच्या बायकांची मिळाली, एकदा तर कुणाच्या कुत्र्याचंही मिळालं. ती कधी चकार शब्द बोलली नाही. तिचं नाव होतं ते एकाच रकान्यात: भरणारा. हजारो बाटल्या, आणि त्यातली एकही नासलेली नाही.

"खोडा ते."

"आवाज खाली, बाई."

"का खाली? एकतीस वर्षं तुमच्यासारख्यांचा गाळ धुतला मी. ही घाण नाही धुणार. खोडा!"

डॉक्टरांनी एक कळ दाबली. "गेली नोंद. आता बदलता येत नाही. बाटलीत चिठ्ठी टाका आणि विषय संपवा." असं म्हणून ते तिच्याकडे न बघताच बाहेर पडले.

"मावशी," बार्रिया म्हणाला, "फक्त हो म्हणा. त्याच्या अंथरुणात बादलीभर गाळ ओततो."

"गाळ वाया घालवू नकोस, मेल्या. अजून चाळायचाय."

तिने जाड सुती कागदाची पट्टी कापली आणि पेन्सिलीला टोक काढलं. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. शाई विरघळते, शिसं राहतं. डॉक्टर लोक पडद्यावरचं वाचतात. चिठ्ठी वाचतो तो पन्नास वर्षांनी झाकण उघडणारा. नेल्डाने अशा जुन्या बाटल्या उघडल्या होत्या. लिहिणारे कधीच मेलेले, अक्षर कालचं वाटावं असं.

तिने सावकाश, शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढलं. बार्रियाने खांद्यावरून वाकून वाचलं:

"खोली ७,७५० मीटर. गाळातून सोडवली: नेल्डा ओयार्सो. फॉर्मालिनमध्ये टाकली: डॉ. इरिबारेन, दुपारी २ वाजून १० मिनिटं."

"अरे बापरे," तो पुटपुटला.

चिमट्याने तिने चिठ्ठी आत सोडली, अक्षरं काचेकडे येतील अशी. काकडीचा जांभळा रंग उतरायला लागला होता. काही दिवसांत ती पांढरीफटक पडणार होती.

नेल्डाने निळं झाकण घट्ट फिरवलं, पेन्सिल कानामागे खोचली, आणि चमचा घेऊन उरलेल्या गाळाकडे वळली.