साऱ्यांच्या कामाची जागा

अंजनाबाईंचा नातू जन्मला तोच चिमणीएवढा. ज्योत्स्ना सिस्टरनं दर आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं. पण गावच्या आरोग्य उपकेंद्राचं छत गळायचं, नळ कोरडा, म्हणून तिथलं काम बंद पडलेलं. सून साधना त्या इवल्याशा जिवाला घेऊन खच्चून भरलेल्या जीपनं केनवडच्या दवाखान्यात जायची. दोघं घरी येईपर्यंत अंजनाबाईंचा जीव टांगणीला लागायचा.

ग्रामसभेत त्या उपकेंद्रासाठी उठल्या. पंचायतीकडे पैसा एकाच कामापुरता. नेमके त्यांचेच मालक, गुलाबराव, आडवे आले. घरपट्टी भरणं सोडून कराच्या प्रत्येक बाबीत गुलाबरावांना रस होता. दवाखान्यांवर पैसे उधळून सरकारनं लोकांना आजारी पडायची सवय लावली, असं त्यांचं ठाम मत. मग स्मशानातल्या शेडसाठी त्यांनी हुकमी पत्ता टाकला.

"दवाखान्यात फक्त आजारी मानूस जाते. मसनात साऱ्यायलेच जा लागते. टॅक्स साऱ्यायचा, तं काम बी साऱ्यायच्याच फायद्याचं पाह्यजे."

टाळ्या पडल्या. स्मशानात शेड झालं, तेही झकास: पक्कं छत, गुळगुळीत फरशी, नळाला धो धो पाणी. फक्त उद्घाटनापुरतंही गावात कोणी मरेना, याची गुलाबरावांना रुखरुख लागून राहिली.

गावात बायका स्मशानाकडे फिरकत नसत. अंजनाबाईंनी आधी सिस्टरला गाठलं, मग नातवाला उचललं आणि सरळ शेडात जाऊन बसल्या. साधना मागोमाग आली. तासाभरात गावातल्या साऱ्या लेकुरवाळ्या तिथं जमल्या. सिस्टरनं छताच्या पाइपाला वजनकाटा टांगला.

परतल्या तेव्हा गुलाबराव पाण्याची बादली घेऊन दारात उभे. स्मशानातून आलेल्यानं अंघोळीशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. रागानं ते लालबुंद झाले होते.

"पोराले मसनात काहून नेलं?"

"तुमीच तं म्हनलं, साऱ्यायलेच जा लागते," अंजनाबाई म्हणाल्या. "हा जरा लवकर गेला, न वजन वाढवून वापस आला."

गुलाबरावांनी बादली खाली ठेवली. किती वाढलं, असं त्यांनी हळूच विचारलं आणि दारातून बाजूला झाले.

पुढच्या ग्रामसभेत उपकेंद्राच्या छताचा ठराव त्यांनीच मांडला. कारण विचारलं तर म्हणाले, "मसनात लय गर्दी होऊन राह्यली. आमची बारी आली तं जागा भेटनार नाई."