फेकीरचं विमान

“बुडलं तर चहा तुझ्याकडं, फेकीर!” पाझर तलावाच्या बांधावरून बद्रीनाथ ओरडला.

फकीर मोटार मेकॅनिक काठाशी उकिडवा बसला होता. तो पत्र्याचं विमान पाण्यावर ठेवत होता.

तरुणपणी आखातात एका शेठकडे असताना त्याने असलं खरंखुरं विमान पाहिलं होतं. तेव्हाच ते म्हातारं झालेलं. पोट नावेसारखं, पाणी उडू नये म्हणून दोन्ही इंजिनं उंच, पंखांवर बसवलेली. समुद्रात उतरायचं, दुमडलेली चाकं पाण्यातच सोडायचं आणि चालत वाळूवर यायचं. सिरसाळ्याला परतल्यावर हे त्याने टपरीवर सांगितलं, तिथंच चुकलं. पाण्यात उतरतं इथवर लोकांनी ऐकून घेतलं. चालत बाहेर येतं म्हणताच बद्रीनाथने फकीरचा फेकीर केला, आणि गावाने तो मोठ्या आनंदाने चालवला. परवा मोबाइलवर दाखवलं, तर बद्रीनाथ म्हणतो, “मोबाइलात म्हैसबी गाणं म्हणती बे!”

म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, बॅटरीवरचे पंखे बसवून फकीरने हे बनवलं होतं. आज हे बाहेर आलं नाही, तर तो मरेपर्यंत फेकीरच राहणार होता.

दोन्ही पंखे भुणभुणले. विमान तलावाच्या कोपऱ्यातलं पाणी कापत ऐटीत पलीकडच्या काठाला लागलं. चाकं टेकली आणि गाळात रुतली. पंखे नुसतेच फिरत राहिले.

“झालं!” बद्रीनाथ हसला.

पलीकडे त्याची बायको बीबीजान उभी होती. तिने काखेतलं गोणपाट काढलं, चिखलात उतरली, विमान जरा उचलून गोणपाट चाकांखाली सारलं आणि हात काढून घेतला. विमान डुगडुगलं, पुढे सरकलं आणि आपलं आपण कोरड्यावर चढलं.

बद्रीनाथ बांधावरून खाली उतरून आला.

“चहा माझ्याकडं, फकीरभाई,” अखेर बद्रीनाथ म्हणाला. फकीरला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला त्याला पाठ फिरवावी लागली.

घरी जाताना त्याने बायकोला विचारलं, “गोणपाट घरूनच आणलंतं? म्हंजे तुला पयल्यापासून खरं वाटत व्हतं!”

“न्हाई जी. मला कदीच खरं वाटलं न्हाई.”

“मग कावून आणलं?”

“तुमी खोटे पडू नये म्हनून.”

फकीरने तिच्या हातातलं चिखलाचं गोणपाट घेतलं आणि आपल्या धुतल्या सदऱ्यावर, खांद्यावर टाकलं.